जुनी सोला हॅट कधीची, कुठली? ओळखायचं कसं

आजोबांच्या ट्रंकेतून सोला हॅट, म्हणजे साहेबी थाटाची उन्हाची कडक टोपी, निघाली की लोक आधी तसल्याच आकाराचे फोटो शोधत बसतात. आकार वर्षानुवर्षं तेच चालत आले, त्यावरून साल निघत नाही. समोरच्या बिल्ल्यावर तर मुळीच जाऊ नका. जुन्या बाजारात बिल्ला वेगळा मिळतो, हॅट वेगळी मिळते, आणि विकणारा दोन्ही जोडून दुप्पट भाव सांगतो.

१. वजन बघा. खरी सोला हॅट भेंडाची; बाशिंगाला वापरतात तेच हे भेंड, बंगाल-आसामच्या पाणथळीत वाढणारं. हॅट हातात रिकाम्या काड्यापेटीसारखी लागते. (नाव ‘सोला’ आहे, ‘सोलर’ नव्हे, सूर्याशी त्याचं नातं नाही.) जड आणि कडेला तपकिरी असली तर बुचाची, लष्करी वूल्सली टोप बहुधा बुचाचे. टिचकीला टकटक वाजली तर लगद्याची किंवा प्लॅस्टिकची, नाटकाच्या सामानातली.

२. आतला घेर मोजा. ५७ सेंटिमीटर भरून आत ७ छापलेलं असेल तर माप ब्रिटिश; अमेरिकन मापात त्याच डोक्याला ७ १/८ लागतं.

३. आतली चामड्याची पट्टी उचला. खरी परीक्षा इथे आहे, आणि हॅटा वाया जातात त्याही इथेच.

पट्टी पापडासारखी कडक झालेली असते. ‘ओल्या कापसाने मऊ करा’ असा सल्ला कुणी दिला तर त्याला हॅटला हात लावू देऊ नका. मी तो ऐकला होता. चामडं आखडून तडकलं, खालचं भेंड फुगलं, लेबलाची शाई पसरली आणि शेवटी ‘पोर’ एवढंच वाचता आलं. कॉनपोर की सिंगापोर, आजवर कळलेलं नाही. पहिला पाऊस पडून हवा दमट होईपर्यंत थांबा. मग जुनं पोस्टकार्ड पट्टीखाली हळूच सरकवा, बॅटरी तिरकी धरा आणि वाचा. ओढू नका.

कानपूरचं स्पेलिंग ‘कॉनपोर’ असेल तर लेबल इंग्रजी अमदानीच्या वळणाचं. किंमत रुपये-आणे-पैत असेल तर एप्रिल १९५७ च्या आधीचं. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर ऑगस्ट १९७२ नंतरचं, मग विकणारा काहीही शपथा घेवो. बाणाचं चिन्ह दिसलं तर माल सरकारी कोठारातला.

पट्टीमागे घडी घातलेलं वर्तमानपत्र निघालं की सगळ्यांचे डोळे चमकतात. माझेही चमकले होते. कागद १९५१ चा, म्हणून हॅटही १९५१ ची, असं सांगून मोकळा झालो. घरातल्या आजी हसल्या. हॅट काकांची, ते १९४४ सालीच गेले होते. पुतण्याला ती सैल झाली, म्हणून कागद कोंबलेला. त्या कागदावरून कळलं ते इतकंच, की पुतण्याचं डोकं लहान होतं.

४. शिवणीतला एक सुटा धागा काढून हॅटपासून लांब नेऊन जाळा. भेंड चटकन पेटतं. कागदासारखा वास आणि राख म्हणजे सूत. वितळून गोळी झाली तर नायलॉन: हॅट नवी, किंवा जुनीच पण नंतर शिवलेली. पट्टीवर सुईच्या भोकांच्या दोन ओळी असतील तर दुसरी शक्यता धरा, आणि बाहेरच्या खाकी कापडावरून वय सांगायच्या भानगडीत पडू नका.