कोल्हापुरात छोटं कौलारू घर घेताय? लेकरू लहान असेल तर आधी हे बघा

शिरोली नाहीतर गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत नोकरी लागली, कडेवर लेकरू आहे आणि कुणीतरी पेठेतलं दोन-अडीच खोल्यांचं बैठं घर दाखवलं. पुढं सोपा म्हणजे ओसरी, मधे खोली, मागं स्वयंपाकघर, त्यामागं थोडं परडं. भाडं फ्लॅटपेक्षा कमी, शेजारपाजार दार उघडं टाकून बसलेला. असं घर बघताक्षणी आवडतं. आमच्या मराठवाड्यातून येणाऱ्यांना तर जास्तच, कारण आम्ही बैठ्या घरातच वाढलेलो असतो. मी लातूरकडची, लग्न होऊन इथं आले आणि आता इथलीच झाले. माझी दोन्ही मुलं अशाच घरात रांगली. म्हणून नवीन आलेल्या मुली विचारतात, "ताई, एवढ्याशा घरात भागंल का हो?"

भागतं. पण खोल्या मोजून त्याचा अंदाज येत नाही. जून ते सप्टेंबर ते घर कसं राहतं, ते आधी बघायचं. एरवीचे आठ महिने अंगण, कट्टा, गल्ली हे सगळं तुमच्या घरातच धरलेलं असतं. लेकरू झोपण्यापुरतं आत येतं. पाऊस लागला की ते सगळं बंद होतं आणि चौघांचा संसार चार भिंतींत येतो. आपल्याकडं पाऊस पडून जातो, इथं तो मुक्कामाला येतो, आणि हे आपल्या माणसांच्या लवकर लक्षात येत नाही.

सगळ्यात आधी पुराचं बघा, कारण तिथं घर नापास झालं तर पुढचं काही बघायची गरजच नाही. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची पाणीपातळी मोजतात. ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. सुतारवाडा, दुधाळी, व्हीनस कॉर्नर, शाहूपुरीचा सखल भाग, रमणमळा, नागाळा पार्कचा काही भाग या ठिकाणी घर बघत असाल तर गल्लीतल्या दोन-तीन घरी विचारा, "एकोणीसला पाणी कुठवर आलं होतं?" लोक भिंतीवर हात ठेवून दाखवतात. फ्लॅटमध्ये वरच्या मजल्यावर राहणारा माणूस जिना उतरू शकत नाही, पण त्याचा संसार कोरडा राहतो. बैठ्या घरात पाणी शिरलं की गादी, धान्य, फ्रीज, लेकराची पुस्तकं सगळंच जातं. भाड्यानं घ्यायचं असेल तर निदान सामान हलवायला जागा कुठं आहे ते ठरवून ठेवता येतं. विकत घ्यायचं असेल तर पाटबंधारे विभागाची पूररेषा बघितल्याशिवाय इसाराचा एक रुपयाही देऊ नका. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आतलं घर लहान मुलांच्या आईबापांनी घेऊ नये, किती का स्वस्त मिळेना.

उंचावर घर आहे म्हणून पुराशी संबंध नाही, असंही होत नाही. २०१९ ला नदीकाठची पंपिंग स्टेशनं पाण्यात गेली आणि बाहेर महापूर असताना शहराचे नळ कोरडे पडले. शिरोलीजवळ हायवे काही दिवस बंद होता, दुधाची आणि पेट्रोलची टंचाई झाली. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, ते दिवस मी माहेरी बघितलेत, त्यामुळं पाणी साठवायचं मला कुणी शिकवावं लागलं नाही. पण इकडं नदी आहे, धरणं आहेत, आता पाण्याची काळजी मिटली असं समजून आपली माणसं दोन बादल्यांवर राहतात. काळम्मावाडी धरणातून शहराला थेट पाईपलाईन झाली तरी परड्यात टाकी ठेवायला जागा आहे का, हे बघाच. तान्हं लेकरू असलेल्या घरात एक दिवस पाणी नसलं तर काय होतं, ते आईलाच ठाऊक असतं.

आता ओल. उन्हाळ्यात घर बघायला गेलात तर ते कोरडं आणि गारच दिसणार, जुन्या मातीच्या जाड भिंतींचं ते सुखच आहे. म्हणून बघायची जागा वेगळी. भिंतीतल्या कपाटाचं खालचं दार उघडा आणि वाकून वास घ्या. कुबट वास येत असेल तर जुलैत तिथं बुरशी येणार. भिंतीच्या पायाशी गिलावा फुगलाय का, पांढरा लोणा धरलाय का, नखानं खरवडलं तर भुगा पडतो का, ते बघा. मग मान वर करा. वाशांवर, रिपांवर काळे ओघळ असतील तर तिथं गळतं. दोन घरांची छपरं जिथं मिळतात ती पन्हाळ विशेष बघा, बहुतेक गळती तिथली असते. जोतं रस्त्यापेक्षा किती उंच आहे तेही बघा. पेठांत डांबराचे थर चढून चढून रस्ते वर आलेत आणि काही घरांचे उंबरे रस्त्याच्या खाली गेलेत. अशा घरात पाणी शिरायला पूर लागत नाही, एक जोराची सर पुरते.

मालक गळत नाही म्हणतील. शेजारच्या मावशींना विचारा. मी एकीसाठी घर बघायला गेले होते, तिथं शेजारच्या आजींनी खरं सांगितलं, "गळतंय की, पर लई न्हाई, दोन भांडी ठिवली की झालं." एकट्या पोराला ते घर चाललं असतं. पाळण्यातल्या बाळाला ते नको होतं, कारण ती दोन भांडी मधल्या खोलीत, बरोबर पाळण्याच्या जागी ठेवावी लागणार होती.

ज्या लेकराला सर्दी-खोकल्याचा, दम्याचा त्रास आहे, छातीत घुरघुर होते, त्याला ओल्या भिंतीचं घर घेऊच नका. ओल आणि बुरशी यांनी दमा बळावतो, आणि इथं भर पावसात खिडक्या उघड्या ठेवून ती घालवता येत नाही. तिथं पत्र्याचं साधं, पण कोरडं घर परवडलं. पत्रा उन्हाळ्यात तापतो, पावसात बोलू देत नाही, तरी छाती कोरडी राहते.

कपड्यांचं तर लेकराच्या आईनंच बघावं. लंगोट, दुपटी, झबली रोजची धुतलेली, आणि पाऊस आठ-आठ दिवस उघडत नाही. सोप्यात किंवा मागच्या पडवीत छपराखाली दोन दोऱ्या बांधता येतात का, आणि तिथं वारा लागतो का? नसेल तर ते सगळं मधल्या खोलीत वाळत पडतं, खोलीचा दमटपणा वाढतो आणि सकाळी दुपटं हाताला गारच लागतं. माझ्या मते ती पडवी एका जादा खोलीइतकी मोलाची आहे. परडं मोठं आणि पडवी नाही असं घर, आणि परडं नाही पण पडवी आहे असं घर यांत मी दुसरं घेईन.

झोपायची जागा टेपनं मोजा. दहा बाय दहाच्या खोलीत सहा बाय साडेसहाचा डबलबेड ठेवला की शंभर चौरस फुटांतले एकोणचाळीस गेले, एक कपाट आलं की लेकराला फिरायला गल्लीएवढी जागा उरते. जमिनीवर गाद्या घालून दिवसा घडी करावी असं वाटतं आणि उन्हाळ्यात ते जमतंही. पण शहाबादी फरशीला पावसाळ्यात घाम सुटतो, आणि आठवड्यात गादीची खालची बाजू काळी पडते. बाजेसारखी बुटकी, उचलून भिंतीला लावता येणारी खाट करून घ्या.

घरातला माणूस फाउंड्रीत तीन शिफ्टमध्ये असेल तर अजून एक गोष्ट. नाईट करून तो सकाळी आठला येतो आणि झोपतो, तेव्हाच लेकरू उठलेलं असतं. दोन खोल्यांच्या मधे नुसती चौकट आहे की दार आहे? दार नसेल तर घर घेण्याआधी मालकांकडून बसवून घ्या. एवढ्या एका दारावाचून चांगल्या नवराबायकोत रोजची धुसफूस होते.

धोक्याच्या जागा भराभर सांगते. परड्यातल्या हौदाला किंवा आडाला कुलूप लागणारं झाकण हवंच, नुसती फरशी सरकवून ठेवलेली चालणार नाही. माळ्याची शिडी काढून ठेवता येणारी असावी. उंबऱ्याबाहेर थेट रस्ता असेल तर दाराला अर्धी फळी बसवून घ्या. वायरिंग जुनं असेल तर ओल्या भिंतीतून शॉक येतो. अर्थिंग तपासून ईएलसीबी, म्हणजे वीज गळली की आपोआप बंद करणारं बटण, बसवल्याशिवाय राहायला जाऊ नका. संडास परड्याच्या टोकाला असेल तर तिथवर छप्पर आणि दिवा आहे का ते बघा, रात्री दोनला तीन वर्षांच्या पोराला घेऊन तुम्हालाच जायचंय. फुलेवाडी, कळंब्याकडं उसाला लागून घर असेल तर पावसात साप निघतात. दंश झाला तर वेळ न घालवता सीपीआर, म्हणजे इथलं छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालय, गाठा.

पेठेत घ्यावं की पाचगाव, मोरेवाडी, आर. के. नगरकडं नवीन रो हाऊस घ्यावं? तिकडं जागा उंच, घर कोरडं, स्लॅबचं. गाडी दारात लागते. पण दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं. नवरा शिफ्टला, सासूमाय गावाकडं, आणि पहिलं बाळंतपण झालेली पोरगी एकटी. तिला मी शिवाजी पेठेतल्या, मंगळवार पेठेतल्या दोन खोल्याच सांगेन. बाळ रडलं तर समोरची आजी न बोलवता येते, काढा सांगते, अंघोळ घालून देते. मला माझ्या समोरच्या काकूंनी अशीच साथ दिली, आईच्या जागी उभ्या राहिल्या, ते ऋण माझ्यावर आहे. त्याबदल्यात पेठेचा आवाजही घ्यावा लागतो. तालमीचा गणपती, मिरवणुका, फुटबॉलची मॅच जिंकल्यावरचा जल्लोष. बाळ बारीक आवाजानं दचकत असेल तर तालमीला लागून असलेलं घर सोडून दोन बोळ आतलं बघा. मूल पाच-सहा वर्षांचं झालं, सायकल मागायला लागलं की मग उपनगर बरं.

कागदाचं थोडक्यात. भाड्याचा करार, तो अकरा महिन्यांचा असला तरी, नोंदणी केलेलाच करा. पुढं आरटीईतून, म्हणजे खासगी शाळेतल्या मोफत राखीव जागेवर, पहिलीला प्रवेश घ्यायचा असेल तर पत्त्याचा पुरावा म्हणून तोच लागतो, आणि शाळा घरापासून किती लांब आहे तेही त्यात बघतात. वीज महावितरणच्या स्वतंत्र मीटरवर आहे का, पाणीपट्टी कोण भरणार, हे लिहून घ्या. विकत घेताना प्रॉपर्टी कार्डावरची सगळी नावं वाचा. जुन्या वाड्याच्या तुकड्याला बहिणी, पुतणे असे कितीतरी वारस असतात आणि सगळ्यांच्या सह्या लागतात. घरफाळ्याची, म्हणजे घरपट्टीची, पावती म्हणजे मालकी नव्हे. शहराच्या हद्दीबाहेर जागा एन. ए. म्हणजे बिगरशेती आहे की गुंठ्यागुंठ्यानं विकलेली गुंठेवारी, ते वकिलाला दाखवा, बँकेचं कर्ज त्यावरच अडतं.

आणि करारात शाकारणी लिहून घ्या. कौलं उतरवून, फुटकी बदलून, रिपा तपासून परत चढवायचं काम मालकाचं, दरवर्षी मे महिन्यातलं. माणसं पावसाच्या तोंडावर मिळत नाहीत, म्हणून एप्रिललाच आठवण करा. त्या दिवसांत वरून माती, कचरा, विंचूसुद्धा पडतो, तेव्हा लेकराला घेऊन दोन दिवस पाहुण्यांकडं जा, आणि परत आल्यावर पाळणा बांधायच्या आधी छपरावर चार घागरी पाणी ओतायला लावून खालून बघा.