कडेबाहेर जाणारे फूल : चॉक पेस्टल शिकवताना आलेला अनुभव

मुलांना चॉक पेस्टलने फुलाचे जवळून दिसणारे चित्र शिकवण्याचा माझा पहिला तास पूर्णपणे फसला होता. समोर जास्वंद ठेवून मी ‘मोठे काढा’ एवढेच सांगितले आणि पाऊण तासाने बहुतेक कागदांच्या मध्यभागी लिंबाएवढे फूल, खाली देठ आणि दोन पाने उभी होती. समोरच्या फुलाकडे न पाहता मुलांनी पाठ असलेले फूल उतरवले होते.

तेव्हापासून रंग हाती देण्यापूर्वी मी पुठ्ठ्यात चौकोनी खिडकी कापून देते. मुलांनी एक डोळा मिटून तिच्यातून पाहायचे आणि निदान तीन बाजूंना पाकळ्या चौकटीने कापल्या जाईपर्यंत ती फुलाजवळ नेत राहायची. मग कागदावर पहिली खूण मध्यभागी न करता, पाकळी ज्या ठिकाणी कागदाबाहेर जाते त्या कडेवर करायची. या पायरीला अर्धा तास लागला तरी द्यावा. जॉर्जिया ओ’कीफ (१८८७–१९८६) या अमेरिकन चित्रकर्तीने १९२०च्या दशकात फुले अशीच कॅनव्हासभर मोठी रंगवली. मात्र ती चित्रे मी शेवटी दाखवते, कारण आधी दाखवली की मुले त्यांचीच नक्कल करू लागतात.

कागद खरखरीत आणि शक्यतो गडद असावा; गुळगुळीत कागदावर पेस्टलची भुकटी टिकत नाही. अगदी लहान मुलांसाठी काळ्या कागदावर पांढऱ्या गोंदाने बाह्यरेषा काढून रात्रभर वाळू द्यावी. वाळल्यावर ती पारदर्शक होऊन काळी दिसते आणि तिच्या उंचवट्यामुळे रंग आवरतो.

बोटाने रंग मिसळणे मुलांना इतके आवडते की थांबवले नाही तर सगळे फूल मातकट होते. म्हणून प्रत्येक रंगासाठी वेगळे बोट, पाकळीच्या लांबीच्या दिशेनेच घासणे आणि शिरा व पुंकेसर सर्वांत शेवटी, न घासता काढणे, एवढे नियम मी पाळायला लावते. (माझी स्वतःची बोटे हे नियम पाळतातच असे नाही.) भुकटी कधीही फुंकू देऊ नये, कारण ती श्वासात जाते; त्याऐवजी कागद उभा धरून मागून टिचकी मारावी आणि टेबल ओल्या फडक्याने पुसावे.

फिक्सेटिव्ह (भुकटी कागदावर पक्की करणारा फवारा) मोठ्यांनीच, मोकळ्या हवेत फवारावे. त्याने फिके रंग थोडे काळवंडतात, त्यामुळे मी बहुधा ते टाळते आणि चित्रांमध्ये बटर पेपर घालून ती सपाट ठेवते.