किडनीचा पेशंट, ठिसूळ हाडं आणि हार्मोनचं औषध: या चुका टाळा

मेडिकलच्या काउंटरवर उभं राहून पंधरा वर्षं झाली आणि डायलिसिसवाल्या घरातला एक डायलॉग आता तोंडपाठ झालाय, "आईची हाडं ठिसूळ झालीत, शेजारच्या काकूंना ते पोटात टोचायचं पेन चालू आहे, त्यांना फार गुण आला, तेच द्या ना." माझं उत्तर ठरलेलं असतं, पीटीएचचा (पॅराथायरॉइड हार्मोनचा) रिपोर्ट कुठाय? मग शांतता.

पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. काकूंची हाडं वयानं ठिसूळ झालीत आणि आईची किडनीमुळे, बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं पण आत कारभार वेगळा. किडनी दमली की फॉस्फरस बाहेर पडत नाही, व्हिटॅमिन डी कामाचं होत नाही, रक्तातलं कॅल्शियम खाली येतं, मग गळ्यातल्या तांदळाच्या दाण्याएवढ्या चार पॅराथायरॉइड ग्रंथी पीटीएच नावाचं हार्मोन सोडत राहतात आणि ते हार्मोन हाडातून कॅल्शियम ओढून रक्तात आणतं. आता गंमत बघा, काकूंच्या पेनातलं टेरिपॅराटाइड म्हणजे याच हार्मोनचा तुकडा आहे, 84 मण्यांच्या (अमिनो आम्लांच्या) माळेतले पहिले 34 मणी. तुळशीला रोज तांब्याभर पाणी घातलं तर ती फोफावते, तिथेच चोवीस तास पाईप सोडून ठेवला तर मुळं सडतात. दिवसातून एकदा 20 मायक्रोग्रॅम टोचलं तर हाड भरतं, पण ज्यांच्या अंगात तेच हार्मोन रात्रंदिवस वाहतंय त्यांना वरून आणखी टोचून काय करणार! म्हणून पीटीएच वाढलेलं असेल तर हे पेन नको, आणि पीटीएच फार खाली जाऊन हाड झोपी गेल्यासारखं झालं असेल, म्हणजे जुनं मोडत नाही आणि नवं बनतही नाही, तर नेफ्रोलॉजिस्ट म्हणजे किडनीचे डॉक्टर काही निवडक पेशंटना विचार करून देतात. हाड जागं आहे की झोपलंय हे डेक्सा स्कॅन सांगत नाही, त्यात फक्त हाडाची घनता कळते. पीटीएच, अल्कलाइन फॉस्फेटेज, कॅल्शियम, फॉस्फरस हे सगळं एकत्र बघावं लागतं, फारच अडलं तर हाडाची बायोप्सी, म्हणजे बारीक तुकडा काढून तपासणी.

रिपोर्ट वाचतानाही गडबड होते. लॅबच्या कागदावर नॉर्मल 65 पर्यंत लिहिलेलं आणि आईचं 240, ठळक अक्षरात, की घरात रडारड. डायलिसिसवर असलेल्यांसाठी नॉर्मलच्या वरच्या आकड्याच्या साधारण 2 ते 9 पट चालतं असं केडिगोच्या, म्हणजे किडनीच्या आजारांसाठीच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या, गाइडलाइनमध्ये आहे, म्हणजे 65 धरलं तर 130 ते 585. एका आकड्यावर काही ठरत नाही, दर वेळी एकाच लॅबमध्ये करा आणि चढतोय की उतरतोय ते बघा. आणि हो, केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा, काही लॅबच्या पद्धतीत त्यामुळे पीटीएच खोटंच कमी येतं.

दोन "डी"ची गल्लत तर रोजची. दुधातून घ्यायचं व्हिटॅमिन डीचं साठ हजार युनिटचं पाकीट म्हणजे कच्चा माल, कॅल्सिट्रायॉलची छोटी कॅप्सूल म्हणजे तयार हार्मोन. पाकीट कितीही ओतलं तरी दमलेल्या किडनीला त्याचं हार्मोन पुरेसं बनवता येत नाही, म्हणून डॉक्टर कॅप्सूल देतात, पण ते "व्हिटॅमिनच तर आहे" म्हणून मनानं डबल करायचं औषध नाही. आमच्याकडच्या एक आजी, कॅप्सूल चालू, पाकीट चालू, वर मुलानं आणलेली कॅल्शियमची गोळी, महिन्याभरात तोंडाला कोरड, मळमळ, घट्ट बद्धकोष्ठ, घरचे चूर्ण देत बसले. शेवटी आजी दिवसा बडबडायला लागल्या तेव्हा रक्त तपासलं तर कॅल्शियम चढलेलं! ही लक्षणं दिसली की चूर्ण नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. कॅप्सूलचा मारा जास्त झाला तर पीटीएच खाली दाबलं जातं आणि वर सांगितलं तसं हाड झोपतं, ते वेगळंच. फॉस्फरस कमी करायच्या गोळीचं एवढंच, ती जेवणासोबत घ्या, उपाशीपोटी ती अन्नातलं फॉस्फरस पकडणार कुठून.

आता ज्यांना पेन खरंच लिहून दिलंय त्यांच्यासाठी. फ्रीजमध्ये म्हणजे 2 ते 8 डिग्री, बर्फाच्या कप्प्यात नाही. गेल्या उन्हाळ्यात एक काका पेन घेऊन आले, बटण दाबतंय पण औषध येत नाही म्हणे. हातात घेतलं तर बर्फासारखं गार, सूनबाईंनी "जास्त थंड बरं" म्हणून वरच्या कप्प्यात मटारच्या पिशवीशेजारी ठेवलेलं. एकदा गोठलं की ते पेन गेलं, वितळलं तरी वापरायचं नाही, मलाही वाईट वाटलं कारण औषध स्वस्त नाही. दुसरं, सुई लावून तसंच ठेवतात, मग आत हवेचे बुडबुडे जातात आणि डोस कमी भरतो. रोज नवी सुई, टोचून झालं की काढून टाका. पहिल्या दिवशी पेनवर मार्करनं तारीख लिहा, 28 दिवस झाले की थेंब उरला असला तरी फेकायचं.

टोचल्यावर चक्कर येते? पहिल्या काही डोसना काही जणांना येते, बीपी एकदम पडतं, त्यामुळे बसून किंवा आडवं होऊन टोचा आणि लगेच उठू नका. डायलिसिसच्या दिवशी बीपी तसंही खाली जाऊ शकतं, त्या दिवशीची वेळ डॉक्टरांकडून ठरवून घ्या. रात्री टोचून सकाळी सातला रक्त दिलं की कॅल्शियम जरा वाढलेलं दिसू शकतं, इंजेक्शननंतर निदान 16 तासांनी सॅम्पल द्यायचं असतं.

"यानं हाडाचा कॅन्सर होतो" हा मेसेज अजून फिरतोय. उंदरांमध्ये तसं दिसलं होतं म्हणून अमेरिकेच्या एफडीएनं (तिथली औषधांना मंजुरी देणारी सरकारी संस्था) 2002 ला मंजुरी देताना चौकटीतली, म्हणजे सगळ्यात कडक, इशारासूचना टाकली होती, 2020 मध्ये ती काढली. मात्र हाडांना रेडिएशन झालेलं असेल किंवा आधी कॅन्सर झाला असेल तर ते डॉक्टरांना न सांगणं ही चूकच. पाळी गेलेल्या बायकांना हाडांसाठी इस्ट्रोजेन किंवा रॅलॉक्सिफेनचं कोणी सुचवलं तर फिस्टुला (डायलिसिससाठी हातात केलेली रक्तवाहिन्यांची जोडणी) आहे हे आधी सांगा, या औषधांनी रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढतो.

आणि पेनचा कोर्स साधारण दोन वर्षांचा. तो संपला की "सुटलो" म्हणून लोक सगळंच सोडतात आणि कमावलेलं हाड पुन्हा उतरायला लागतं. पुढे काय द्यायचं हे किडनीवाल्यांत अवघड असतं, हाडं ठिसूळ झाल्यावर नेहमी देतात त्या बिस्फॉस्फोनेट गोळ्या किडनी फार खाली गेली की टाळतात, दर सहा महिन्यांनी घ्यायच्या डेनोसुमॅबच्या इंजेक्शननं डायलिसिसवाल्यांचं कॅल्शियम धोकादायक पडू शकतं, एफडीएनं जानेवारी 2024 मध्ये त्यावर चौकटीतला इशारा टाकलाय. त्यामुळे हा प्रश्न शेवटचं पेन संपल्यावर मला काउंटरवर विचारू नका, दोन-तीन महिने आधीच फाइल घेऊन डॉक्टरांकडे जा.