काळप्रवासाची प्रेमकथा लिहिताय? या चुका टाळा

श्रावण लागला की दिवाळी अंकासाठी आलेल्या कथांचा गठ्ठा माझ्या नागपूरच्या धंतोलीतल्या घरी येऊन पडतो, आणि गेली काही वर्षे त्या गठ्ठ्यात काळप्रवासाच्या प्रेमकथा वाढतच चालल्या आहेत. आजची मुलगी गांधीसागराच्या काठावर चक्कर येऊन पडते आणि शंभर वर्षांपूर्वी शुद्धीवर येते, किंवा धोतर नेसलेला एखादा तरुण सीताबर्डीच्या मेट्रो स्थानकात उगवतो. कल्पनेला माझी हरकत नाही. हरकत आहे ती दरवर्षी नव्या नावांनिशी येणाऱ्या त्याच त्या चुकांना, आणि त्यांतल्या बहुतेक चुका प्रतिभेच्या अभावाने नव्हे, तर धीर नसल्याने होतात.

सर्वांत मोठी चूक म्हणजे जुना काळ हा नाटकातल्या पडद्यासारखा मागे टांगून ठेवायचा आणि पुढे आजचीच गोष्ट रंगवायची. ही चूक मी स्वतः छापली आहे, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर लिहितो. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी एक कथा आली होती. आजची नायिका डिसेंबर १९४३ मधल्या नागपुरात पोहोचते, मॉरिस कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलाच्या प्रेमात पडते, आणि दोघे संध्याकाळी सहा वाजता रेल्वे स्थानकावर भेटायचे ठरवतात. सहाच्या काळोखात, गर्दीत, दिव्यांच्या अंधूक उजेडात त्यांची चुकामूक होते. भाषा सुरेख होती, शेवट वाचून डोळे पाणावले, आणि मी ती अंकात पहिली लावली. दिवाळीनंतर आठवड्याभरात अजनीचे एक वृद्ध गृहस्थ अंक काखोटीला मारून घरी आले. बसलेही नाहीत, दारातूनच म्हणाले, "साहेब, त्या दिवशी सहा वाजता अंधार कसा काय पडला? लढाईच्या काळात घड्याळं एक तास पुढे होते, हे तुमच्या लेखकाले कोणी सांगितलं नाही काय? मी तेरा वर्षांचा होतो तेव्हा."

काका शंभर टक्के बरोबर होते. १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत देशभरातली घड्याळे एक तास पुढे केलेली होती. डिसेंबरात नागपूरचा सूर्य आजच्या वेळेने साडेपाचच्या थोडा पुढेमागे मावळतो. म्हणजे त्या दिवसांच्या घड्याळात साडेसहा वाजून गेलेले असणार, आणि सहाला फलाटावर चांगले ऊन असणार. मला लाज वाटली ती चुकीची नव्हे, तर वाया गेलेल्या गोष्टीची. नायिकेच्या मनगटावर आजचे घड्याळ होते. तिचे सहा वाजले तेव्हा स्थानकाच्या घड्याळात सात वाजलेले असणार आणि तो तासभर वाट पाहून निघून गेलेला असणार. दोन काळांतल्या दोन माणसांची चुकामूक व्हायला याहून नेमके कारण कोणते हवे होते? ते इतिहासाने लेखकाच्या हातावर आयते ठेवले होते, आणि त्याने गर्दी आणि काळोख वापरला.

तेव्हापासून माझी सवय अशी आहे की कथेतली तारीख आधी नक्की करायची, त्या वर्षीचे पंचांग काढून बसायचे, आणि मगच पहिले वाक्य लिहायचे. ही काही पद्धत वगैरे नव्हे, माझा हट्ट आहे. पण या हट्टामुळेच १४ ऑगस्ट १९४७ च्या रात्री फुटाळा तलावाच्या पाण्यात पौर्णिमेचे चांदणे पाहणारी जोडपी मी गेल्या काही वर्षांत तीनदा परत पाठवली. अमावस्या दोन दिवसांवर असताना चांदणे कुठून येणार? तारखा मोबाईलवर दोन मिनिटांत सापडतात असे नवे लेखक मला सांगतात. तारीख सापडते, हे खरे आहे. त्या तारखेला दिवस किती वाजता मावळला आणि लोक घरी कसे परतले, हे सापडायला वाचनालयातल्या जुन्या वर्तमानपत्रांची धूळ खावी लागते, आणि तेवढा वेळ कुणाला नसतो.

काही चुकांना एकेक वाक्य पुरे. १९२३ साली एकोणीस वर्षांची असलेली नायिका २०२३ साली पणतीच्या लग्नात ऐंशी वर्षांची आजी म्हणून बसू शकत नाही. ती एकशे एकोणीस वर्षांची होते. १९२३ च्या झेंडा सत्याग्रहात नायकाच्या हाती दिलेल्या झेंड्यावर चरखा हवा, अशोकचक्र नव्हे. त्याच वर्षीच्या जूनमध्ये नायिका नागपूर विद्यापीठाची विद्यार्थिनी असू शकत नाही, कारण विद्यापीठच ४ ऑगस्टला स्थापन झाले. १९५५ चे नागपूर महाराष्ट्रात नव्हते, मध्य प्रदेशाची राजधानी होते. आणि सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, तो मोजक्याच दिवशी लोकांना खुला असतो. तुमची नायिका कुठल्याही पावसाळी संध्याकाळी तिथे सहज भटकत जाते, हे काळप्रवासापेक्षाही अविश्वसनीय आहे.

दुसरी चूक माझ्या विशेष नावडीची आहे. प्रेमिकांच्या आड फक्त ते जादूचे दार येते: दार अमुक दिवशी बंद होणार, म्हणून विरह. जणू दार उघडे राहिले असते तर दोघांचा संसार सुखाने झाला असता! १९२३ च्या नागपुरात वेगळ्या जातीच्या मुलीशी लग्न करायचे म्हटले तर काय होत असे, हे एकदा तपासून पाहा. १८७२ च्या कायद्याने नोंदणी विवाह करायचा तर आपण हिंदू नाही असे दोघांना लिहून द्यावे लागे. ती अट हिंदूंसाठी सैल करणारी दुरुस्ती १९२३ सालीच झाली, आणि ती घडवून आणणारे डॉ. हरिसिंह गौर हे नागपुरात वकिली केलेले गृहस्थ होते. पण त्या दुरुस्तीतही मेख होती: असे लग्न करणारा मुलगा एकत्र कुटुंबातून फुटला असे कायदा धरत असे, आणि तो एकुलता एक असेल तर वडिलांना दुसरा मुलगा दत्तक घेण्याची मोकळीक मिळत असे. महाल भागातल्या एखाद्या वाड्यात, जिवंत मुलाच्या जागी पाटावर बसवलेला दत्तक मुलगा डोळ्यांसमोर आणा, आणि ओसरीवर उभी असलेली आजची मुलगी, जिला हे सगळे आपल्यामुळे झाले आहे हे ठाऊक आहे. जादूचे दार तिच्या पाठीमागे सताड उघडे असले तरी आता चालेल. असा प्रसंग एकाही नवोदिताने मला अजून पाठवलेला नाही. जातीचा उल्लेख टाळून सगळे थेट पावसात भिजायला जातात.

मग येते ते लॉकेट. नायक नायिकेला जुन्या काळात लॉकेट देतो, ते वारसाने आजीकडे येते, आजी ते नायिकेला देते, नायिका ते घेऊन मागे जाते आणि नायकाच्या हाती ठेवते. वाचताना गोड वाटते, पण ते लॉकेट घडवले कुणी? इतवारीतल्या कुठल्याच सोनाराने ते कधी केलेले नाही. शिवाय प्रत्येक फेरीत ते शंभर वर्षे झिजणार, आणि तरीही पुन्हा तितकेच नवे असणार. माझा उपाय साधा आहे: अशा कथेत फिरणारी वस्तू ठेवायचीच असेल तर ती एकदा तरी हरवू द्यावी, आणि तिच्या जागी दुसरी घडवून घ्यावी. घडवणाऱ्याचे नाव माहीत असले की साखळीला टोक मिळते.

भाषेबद्दल थोडक्यात. जुन्या काळातली म्हणून मुलीला पुस्तकी पुणेरी बोलायला लावू नका. नागपूरच्या घरात "काऊन रडून राहिली?" असे विचारले जाते, आणि त्या प्रश्नात जेवढी माया आहे तेवढी तुमच्या अलंकारिक पानात नाही.

१९४३ च्या कथेच्या लेखकाला मी काकांचे म्हणणे तेव्हाच कळवले होते. दोन वर्षांनी त्याने कथा नव्याने लिहून पाठवली. या वेळी नायिकेचे घड्याळ एक तास मागे होते, फलाटावर कोवळे पिवळे ऊन होते, आणि चुकामूक इतकी अचूक जमली होती की मी ती एका बैठकीत वाचली. फक्त शेवटच्या पानावर ती टांगेवाल्याला आठ आण्यांऐवजी पन्नास पैसे देते. रुपयाचे तेव्हा चौसष्ट पैसे होत, म्हणजे आठ आण्यांचे बत्तीस. टांगेवाल्याला अठरा पैसे जास्तीचे मिळाले. ते मी पेन्सिलीने दुरुस्त केले आणि कथा छापायला पाठवली.