एका छत्रीवर तीन टीव्ही : माझा अनुभव

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातील आमच्या घरी आईला सह्याद्री, भाडेकरूंना दूरदर्शनची कन्नड वाहिनी चंदना आणि मुलांना तिसरेच काही पाहायचे असल्यामुळे डीडी फ्री डिश या दूरदर्शनच्या मोफत उपग्रह सेवेच्या एकाच छत्रीवर (डिश अँटेनावर) तीन टीव्ही जोडायचे ठरले. दुकानदाराने एकाच केबलला फाटे फोडणारा स्वस्तातला स्प्लिटर सुचवला. परंतु सेट-टॉप बॉक्स केबलमधूनच एलएनबीला (छत्रीसमोरच्या संकेत टिपणाऱ्या भागाला) १३ किंवा १८ व्होल्ट पाठवून उभे वा आडवे ध्रुवीकरण, म्हणजे लहरींच्या कंपनाची दिशा, निवडतो, त्यामुळे दोन बॉक्सनी निरनिराळी मागणी केली की एकाचे चित्र जाते. म्हणून चार आउटपुटचा एलएनबी घेऊन प्रत्येक बॉक्सला स्वतंत्र आरजी-६ (डिशसाठीची जाड कोअॅक्सिअल) केबल दिली. खर्च वाढला, पण तो मला रास्त वाटतो.

फ्री डिशचे प्रक्षेपण करणारा जीसॅट-१५ हा उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला असल्याने आमच्याकडून छत्री आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे ६१ अंश उंचीवर रोखावी लागते; ऑफसेट छत्री (जिचा एलएनबी मध्यभागी नसून खालच्या बाजूला असतो) मात्र त्यापेक्षा बरीच उभी दिसते. कौलांना धक्का न लावता न्हाणीघराच्या स्लॅबवर, फणसाच्या फांद्या टाळून, खांब ओळंब्याने सरळ उभा केला. इकडचा पाऊस बेताचा नसतो. त्यामुळे बाहेरच्या प्रत्येक एफ-कनेक्टरवर (केबलच्या टोकाच्या जोडणीवर) रबरी टेप गुंडाळली आणि केबलवरून ओघळणारे पाणी बाहेरच ठिबकावे म्हणून भिंतीत शिरण्यापूर्वी तिला खाली झोळ दिला. मुसळधार सरीत चित्र अजूनही थोडा वेळ गोठते, कारण केयू बँडचे (डिश टीव्हीसाठी वापरल्या जाणाऱ्या उच्च वारंवारतेचे) संकेत पावसात क्षीण होतातच.