मृग लागला, आता खुराड्यात आधी शीट बघा

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा 44-45 अंशांवर जातो तेव्हा कोंबड्या चोची वासून धापा टाकतात, ते कोणालाही दिसतं. मृगाची पहिली सर येते, हवा गार होते आणि घरातल्यांना हायसं वाटतं. खुराड्यातली मरतुक मात्र बहुतेक ठिकाणी त्यानंतरच्या पंधरा-वीस दिवसांत सुरू होते. खालचं तूस ओलं होतं, परसात डबकी साचतात, गांडुळं वर येतात, डास वाढतात.

पाखरू आजार लपवतं. मलूल दिसलं की कळपातली बाकीची टोचतात, म्हणून अंगात बळ आहे तोवर ते धडधाकट असल्यासारखं दाणे टिपत राहतं. पंख पाडून, मान आखडून कोपऱ्यात बसलेली कोंबडी दिसली, तर दुखणं आजचं नाही, दोन-तीन दिवसांचं आहे असं धरून चाला. शीट मात्र पहिल्या दिवसापासून सांगते. रात्री बसायच्या दांडीखाली जुनं गोणपाट किंवा वर्तमानपत्र टाका आणि सकाळी खुराडं उघडताना त्याच्यावर नजर टाका. पाच मिनिटांचं काम आहे.

चांगली शीट घट्ट, करडी-तपकिरी आणि वर पांढरी टोपी असलेली. दर आठ-दहा शिटांत एखादी चॉकलेटी, चिकट, फेसाळ आणि उग्र वासाची असते. ती आंधळ्या आतड्यातून येते, हगवण नव्हे. तिला घाबरून औषध पाजणारे मी फार पाहिलेत. अंगाला हात लावून ‘ताप भरलाय’ म्हणणारेही तेवढेच. अहो, कोंबडीचं शरीर मुळातच 41-42 अंश असतं, आपल्या हाताला ते गरम लागणारच. माणसाची तापाची गोळी चुरून देऊ नका.

आता रक्त. तीन ते आठ आठवड्यांची पिल्लं, पाऊस लागून आठवडा झालेला, शिटेत लाल रक्त, पिल्लं गोळा होऊन थरथरताहेत आणि तुरा फिका पडलाय, तर ती रक्ती हगवण, म्हणजे कॉक्सिडिओसिस. याचे जंतू शिटेतून बाहेर पडतात आणि ओल व ऊब मिळाली तर एक-दोन दिवसांत लागण करण्याजोगे होतात. म्हणून कोरडं तूस हेच निम्मं औषध. ओला थर फावड्याने काढा आणि पाण्याचं भांडं विटांवर ठेवा, म्हणजे सांडून चिखल होणार नाही. फिनाईल शिंपडून हे जंतू मरत नाहीत. उघडीप मिळेल तेव्हा जमीन खरवडून कडक ऊन दाखवणं जास्त कामाचं. औषध म्हणून अँप्रोलियमची 20 टक्क्यांची पावडर मिळते. लिटरभर पाण्यात 1.2 ग्रॅम, सलग तीन ते पाच दिवस, आणि तेवढे दिवस दुसरं पाणी ठेवायचं नाही. पुडीवरचं प्रमाण वेगळं असेल तर दवाखान्यात विचारून घ्या. एक चूक हमखास होते. अशक्तपणा जावा म्हणून सोबत बी-कॉम्प्लेक्स पाजतात. अँप्रोलियम जंतूला बी-1 जीवनसत्त्व मिळू न देऊनच मारतं, आपण तेच पाजलं तर औषध पाण्यात गेलं. टॉनिक कोर्स संपल्यावर. आणि शिटेत नारिंगी पातळ पापुद्रे अधूनमधून दिसले, पिल्लं मात्र चपळ असली, तर ते आतड्याचं सुटलेलं अस्तर असतं, धावपळ नको.

गेल्या पावसाळ्यात यावलकडच्या एका केळीवाल्यांनी बोलावलं. त्यांच्या मुलाने हौसेने रिंगनेक फेझंटची जोडी पाळलेली. लांब शेपटीचा, गळ्यात पांढरी कंठी असलेला देखणा पक्षी. कोंबडी, लाव्हा, मोर, टर्की यांच्याच कुळातला, त्यामुळे दुखणीही बरीचशी तीच. (आपल्या रानातले मोर आणि रानकोंबडे मात्र 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. त्यांची अंडी आणून उबवायला घालू नका.) नर मान लांब करून चोच वासायचा, डोकं झटकायचा, शिंकल्यासारखं करायचा. म्हातारे बाबा म्हणाले, ‘‘सर्दी व्हयनी शे.’’ मेडिकलमधली कॅप्सूल फोडून चार दिवस पाजून झाली होती, फरक शून्य.

नाकाला चिकटा नव्हता, डोळे सुजलेले नव्हते. सर्दीत हे दोन्ही बहुधा असतं. मग नजर पिंजऱ्याशेजारी गेली. तिथे गांडूळ खताचा वाफा होता आणि पोरगा ‘प्रोटीन मिळतं’ म्हणून रोज मूठभर गांडुळं पिंजऱ्यात टाकत होता. चोच उघडून टॉर्च मारला तर श्वासनळीच्या तोंडाशी लाल दोऱ्यासारखं काहीतरी वळवळत होतं. हा श्वासनळीतला जंत. नर-मादी एकमेकांना कायमचे चिकटलेले, म्हणून इंग्रजी वाय अक्षरासारखे दिसतात. अंडी शिटेतून मातीत जातात, गांडूळ किंवा गोगलगाय ती खाते, तिला पक्षी खातो आणि साधारण दोन आठवड्यांत जंत श्वासनळीत मोठे होतात. कोंबडीत हा त्रास मुख्यतः पिल्लांना, फेझंटमध्ये मोठ्यांनाही. वजन करून डॉक्टरांनी फेनबेंडाझोल हे जंतांवरचं औषध दिलं, आठवड्यात चोच मिटली. वाफ्याशेजारचा पिंजरा हलवून सिमेंटच्या कोब्यावर नेला, कारण त्या मातीतल्या गांडुळांत हा जंत वर्षानुवर्षे टिकतो.

असा पक्षी धरायचा तर अंधार पडल्यावर, कापड टाकून. दिवसा मागे धावलात तर तो सरळ वर उडतो आणि जाळीवर डोकं फोडून घेतो. दुखणं बरं व्हायचं आणि पक्षी धक्क्याने जायचा. टर्की किंवा फेझंट असतील तर त्यांना कोंबड्यांच्या जुन्या परसात सोडू नका. कोंबडीच्या पोटातल्या जंताच्या अंड्यांतून एक आजार त्यांना लागतो, कोंबडीला तो सहज सोसतो, टर्कीचं मात्र यकृत सडवतो. गंधकासारखी पिवळी शीट ही त्याची खूण.

पेरणीच्या दिवसांत आणखी एक गोष्ट. कपाशीची पाकिटं फोडून झाली, मक्याचं-ज्वारीचं उरलेलं बी ओट्यावर पडलं, असं घरोघरी असतं. त्या गुलाबी-लाल बियाण्याला कीटकनाशक आणि बुरशीनाशक चोळलेलं असतं. सकाळी ठणठणीत असलेल्या चार-पाच कोंबड्या दुपारी एकदम लडखडल्या, तर आधी गळ्याखालची पिशवी चाचपा आणि पेरणीचं बी कुठे सांडलंय ते शोधा. ती मेलेली कोंबडी खाऊ नका, कुत्र्यालाही घालू नका. पावसात भिजून बुरशी धरलेला मकाही तसाच वाईट. त्याचं विष यकृतावर बसतं, मारायला वेळ लावतं, अंडी आधी कमी करतं.

तुऱ्यावर, डोळ्यांभोवती काळ्या खपल्या म्हणजे देवी. डास हटवा, आयोडीन लावा, पाणी आणि मऊ दाणा द्या. बाकी औषध नाही.

हिरवट-पांढरी पातळ हगवण, श्वासाला घरघर आणि मान वाकडी होणं म्हणजे मानमोडी, डॉक्टरी भाषेत राणीखेत. झाल्यावर इलाज नाही, लसच आहे. पिल्लू पहिल्या आठवड्यात असताना लासोटा लस डोळ्यात किंवा नाकात थेंब, सहा ते आठ आठवड्यांचं झाल्यावर आर टू बी लस टोचून. लस बर्फाच्या थर्मासातून आणा, विरघळवल्यावर दोन तासांत संपवा. लस टोचून घ्यायची तर निरोगी कोंबड्यांना, आजार शिरलेल्या खुराड्यात नाही.

आणि एका रात्रीत ढीगभर मेल्या, तुरे निळे-जांभळे पडले, आसपास कावळेही मरताहेत, तर काहीही चाचपू नका. भारतात कोंबड्यांमधला बर्ड फ्लू पहिल्यांदा आढळला तो आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात, फेब्रुवारी 2006 मध्ये, आणि 2021 मध्ये तो तिथे पुन्हा आला. तेव्हा मेलेली कोंबडी उघडून बघायची नाही, नदीत किंवा नाल्यात फेकायची नाही, बाजारात न्यायची नाही. जनावरांच्या दवाखान्याला किंवा 1962 या मदत क्रमांकावर कळवा आणि खुराड्याकडे पोरांना जाऊ देऊ नका.

आठवडे बाजारातून आणलेला पक्षी तीन आठवडे वेगळ्या डालग्याखाली ठेवा, त्याचा दाणा-पाणी सगळ्यात शेवटी. डॉक्टरांकडे जाताना त्याच सकाळची ओली शीट प्लास्टिकच्या डबीत घ्या. बर्ड फ्लूचा संशय नसेल आणि पक्षी नुकताच मेला असेल तर तो पिशवीत घालून बर्फावर न्या. फ्रीझरमध्ये गोठवू नका, आतला भाग तपासायला उपयोगाचा राहत नाही. कुठलं औषध दिलंय ते लपवू नका, त्याचं रिकामं पाकीट खिशात ठेवा. औषध चालू असताना आणि डॉक्टर सांगतील तितके दिवस अंडी विकायची नाहीत, घरातही खायची नाहीत.