पाय मुरगळल्यावर नवी वीण शिकताना

मागच्या डिसेंबरात ग्वाल्हेरच्या लश्कर भागातील आमच्या जुन्या वाड्याच्या जिन्यावर माझा घोटा मुरगळला आणि डॉक्टरांनी दोन आठवडे फारशी हालचाल न करण्यास बजावले. हाड शाबूत होते, हात रिकामे होते आणि ग्वाल्हेरची थंडी ऐन भरात होती. तेव्हा वर्षानुवर्षे पुढे ढकललेले विणकामाचे दोन प्रकार या निमित्ताने शिकून घेतले. अशा सक्तीच्या विश्रांतीत स्वेटर मात्र सुरू करू नये, असे माझे मत आहे. स्वेटरला मापाची आणि पुरा करण्याची घाई चिकटलेली असते. शिकण्यासाठी तळहाताएवढा नमुना घ्यावा, म्हणजे तो दहा वेळा उसवला तरी जीव हळहळत नाही.

आधी बैठक नीट जमवावी. सूज उतरण्यासाठी पाय उशांवर छातीपेक्षा थोडा उंच ठेवावा लागतो, म्हणजे आपण मागे रेललेले असतो आणि लांब सरळ सुयांची टोके गादीला नाहीतर खुर्चीच्या हातांना अडतात. यासाठी तारेने जोडलेली गोल सुई उत्तम, कारण विणलेल्या कापडाचा भार मनगटावर न येता मांडीवर राहतो. लोकरीचा गोळा खोल भांड्यात ठेवावा, कारण तो पलंगाखाली गेला तर त्याच्यामागे धावणारा पाय आपल्याकडे नाही. लोकर लच्छीत आणली असेल तर गोळा करून घेण्यासाठी एखाद्या नातवंडाचे दोन्ही हात पंधरा मिनिटे उसने घ्यावेत. बर्फाचा शेक एका वेळी पंधरा-वीस मिनिटेच घ्यायचा असतो आणि विणण्याच्या नादात ते हमखास विसरते, म्हणून मोबाइलवर गजर लावावा; तो वाजला की बर्फ बाजूला ठेवून मनगटे आणि मानही मोकळी करावी.

नमुन्यासाठी फिक्या रंगाची, साधी, मध्यम जाड लोकर आणि 8 नंबरची सुई घ्यावी. आपल्याकडच्या जुन्या क्रमांकांत आकडा वाढतो तशी सुई बारीक होते: 8 नंबर म्हणजे 4 मिलिमीटर, तर 10 नंबर म्हणजे सव्वातीन. काळ्या किंवा केसाळ लोकरीत टाकाच दिसत नाही, मग चूक कुठून दिसणार?

मी पहिल्यांदा शिकले ती डाव्या हातात लोकर धरून विणण्याची पद्धत. आपल्यापैकी बहुतेकजणी उजव्या हाताने लोकर सुईवरून फेकतात. या युरोपीय पद्धतीत ती डाव्या करंगळीला एक वेढा देऊन तर्जनीवर ताणलेली असते आणि उजवी सुई टाक्यात शिरून तिला नुसती ओढून घेते. सुलट टाका तासाभरात हाताला बसतो. उलट टाका मात्र छळतो, कारण लोकर पुढे आणून तर्जनीने खाली दाबावी लागते आणि घाईत सुईला उलट्या दिशेने वेढा पडतो. ही चूक ओळखण्याची खूण अशी: सुईवर बसलेल्या प्रत्येक टाक्याचे दोन पाय असतात आणि उजवा पाय सुईच्या पुढच्या अंगाला दिसला पाहिजे. डावा पाय पुढे दिसला तर टाका फिरलेला आहे. पुढच्या ओळीत तो मागच्या पायातून विणला की सरळ होतो. हात बदलला की ताणही बदलतो, त्यामुळे अर्धवट राहिलेल्या जुन्या स्वेटरवर ही पद्धत आजमावू नये.

दुसरा प्रकार पिळाचा, म्हणजे वेणीसारख्या विणीचा. 22 टाके घालावेत. सुलट बाजूने 8 उलट, 6 सुलट, 8 उलट विणावेत आणि मागच्या बाजूने जसे दिसतील तसे. प्रत्येक सहाव्या सुलट-बाजूच्या ओळीत मधल्या सहांपैकी पहिले 3 टाके वेगळ्या सुईवर उतरवून पुढे धरावेत, उरलेले 3 आधी विणावेत आणि मग धरलेले 3 विणावेत. पुढे धरले तर पीळ डावीकडे झुकतो, मागे धरले तर उजवीकडे. वेगळी सुई नसेल तर केसांचा आकडा चालतो. माझा पहिला पीळ आकड्यावरच झाला. इथे टाक्याला ‘फंदा’ आणि सुईला ‘सलाई’ म्हणतात, हे ध्यानात ठेवले तर शेजारणीची हिंदीतली मदतही नेमकी मिळते.

पिळामुळे कापड आत ओढले जाते, म्हणून नमुना कोमट पाण्यात भिजवून, टॉवेलमध्ये दाबून, सपाट वाळवावा आणि मगच 10 सेंटिमीटरमध्ये किती टाके बसतात ते मोजावे. तो आकडा आणि सुईचा नंबर चिठ्ठीवर लिहून नमुन्याला टाचून ठेवावा. पाय बरा झाल्यावर बाजारात लोकर घ्यायला जाताना तीच चिठ्ठी बरोबर न्यावी.